हिरवड्याची पेटी

ऋतुजा मगदूम पेटी भरायला बसली की तिच्याशी बोलायचं नाही, हे विभागीय ग्रंथालयात नव्याने लागलेल्या माणसालाही पहिल्याच दिवशी कळायचं. ती विभागीय ग्रंथपाल होती. पेट्या भरायचं काम खरं तर तिच्या हाताखालच्यांचं. पण ते तिनं कुणाला करू दिलं नव्हतं.

खेड्यातल्या वाचनालयाची ऐपत ती काय? दोन कपाटं, एक कुरकुरणारा पंखा, आणि अनुदान वेळेवर आलं तर वर्षाकाठी मूठभर नवी पुस्तकं. ती संपली की वाचक संपला. म्हणून विभागीय ग्रंथालय पुस्तकं घ्यायचं आणि पत्र्याच्या पेट्यांत घालून गावोगाव फिरवायचं. एका गावात तीन महिने, मग परत केंद्रात, मग पुढच्या गावाला. कुठल्या गावाला काय लागतं हे ऋतुजाला तोंडपाठ होतं. एका गावात सरपंचपदावरून दोन भाऊ कोर्टात गेले, तेव्हा त्यांच्या पेटीतून तिनं भाऊबंदकीच्या सगळ्या कादंबऱ्या गुपचूप काढून ठेवल्या होत्या. असला नियम कुठल्या परिपत्रकात नव्हता. तिला सुचलं, तिनं केलं.

हिरवडे हे तिचं स्वतःचं गाव. त्या पेटीत एक पुस्तक नेहमी जास्तीचं असायचं, वर आप्पांच्या कार्डाची चिठ्ठी लावलेलं. आप्पा, म्हणजे भूपाल मगदूम, तिचे वडील. दूध संघातून निवृत्त झालेले, बायको गेल्यापासून एकटे राहणारे. ऋतुजानं लग्न केलं नव्हतं, भाऊबहीण कुणी नव्हतं. तिला जगात आप्पा आणि आप्पांना ती. पण बापलेकीला बोलायचं वळण नव्हतं. आई होती तोवर दोघांचं बोलणं तिच्यातर्फे चालायचं. ती गेल्यावर फोनवर "जेवलात?" "जेवलो" यापुढं गाडी सरकेना. मग ऋतुजानं पुस्तकं पाठवायला सुरुवात केली आणि काय आश्चर्य, जन्मात दैनिकापलीकडं काही न वाचलेले आप्पा रविवारच्या फोनवर तावातावानं बोलायला लागले. "ती सून उगंच गप्प बसती गं. एक सणसणीत उत्तर द्यायचं हुतं तिनं!" ऋतुजा फोन ठेवून कितीतरी वेळ एकटीच हसत बसायची. सोन्यासारखे दिवस होते ते तिचे.

परत आलेली प्रत्येक पेटी आधी एका कपाटात जायची. माणसाच्या उंचीचं, काचेच्या दाराचं कपाट. आत पुस्तकं उघडी टांगायची, मग कोमट वारा सोडून त्यांची पानं फडफडवायची. तो वारा पुढं एका पट्टीवरून जायचा, आणि त्या पट्टीला वास कळायचा. पुस्तकांना बुरशी धरली तर ती डोळ्यांना दिसण्याआधी वासावरून ओळखावी, एवढ्यासाठी हे यंत्र आणलेलं. कर्मचारी त्याला 'नाक' म्हणत.

पण नाकाला बुरशीपेक्षा बरंच काही कळत होतं. माणसाच्या कातडीतून तेलकट द्रव सतत पाझरत असतो. पान उलटताना तो कडेला लागतो आणि कागद तो महिनोन्महिने धरून ठेवतो. कंपवात होणार असेल तर त्या तेलकटपणाची घडण बदलते, आणि ती हात थरथरायला लागण्याच्या कितीतरी आधी बदलते. शास्त्रज्ञांनी नाकाला तो वास शिकवला. पुस्तकाला दहा हात लागलेले असले तरी त्यांत असा एक हात आहे एवढं ते सांगे. कुणाचा, ते सांगू शकत नसे.

आणि हे आधी कळण्याला फार मोल होतं. मेंदूतल्या ज्या पेशी या दुखण्यात मरतात, त्यांना वाचवणारं औषध नुकतंच निघालेलं. मात्र ते वेळेत सुरू व्हायला हवं. थरथर दिसायला लागते तोवर निम्म्याहून जास्त पेशी गेलेल्या असतात आणि मग त्या औषधाचा उपयोग पाण्याइतकाच.

तेव्हा नियम ठरला. नाकानं खूण केली की वाचकाचं नाव शोधायचं नाही. फक्त गावाचं नाव आरोग्य खात्याला कळवायचं. खातं त्या गावात शिबिर लावणार आणि सरसकट साऱ्या गावाची तपासणी करणार. नियमाच्या बैठकीला खेड्यापाड्यांतले ग्रंथपाल आले होते आणि 'सरसकट' हा शब्द त्यांनी भांडून घालून घेतला होता. ऋतुजाला वाटलं, ते गुप्ततेसाठी भांडताहेत. तिनंही मान डोलावली.

हिरवड्याची खूण आली तेव्हा सलीम मुल्ला स्वतः तिच्या टेबलाशी आला. नाक चालवणारा तंत्रज्ञ तो, शांत माणूस, पण चेहऱ्यावर काही लपत नसे.

"मॅडम, हिरवडे. एका पुस्तकावर."

"कुठलं?"

"ती होडीवाल्यांच्या घराण्याची जाड कादंबरी. नवी प्रत, पहिलीच फेरी होती तिची."

ऋतुजाला नाव शोधायची गरजच नव्हती. ती प्रत दुकानातून आली तशी तिनं आप्पांच्या चिठ्ठीसकट पेटीत ठेवली होती.

तिचे आजोबा, आप्पांचे वडील, हात थरथरत गेले. पारावरची पोरं त्यांच्या चहाच्या कपाची नक्कल करायची. आप्पा तेव्हा तरणेबांड गडी, पण ती नक्कल बघून एकदा रस्त्यात ढसाढसा रडले होते, हे आईनं तिला सांगितलेलं. आता शिबिर लागणार, कर्णे लावून गाडी फिरणार आणि हिरवड्यात 'कोण असंल रं?' म्हणून घराघरांत अंदाज बांधले जाणार. घराण्यात दुखणं कुणाच्या आहे हे गावाला पाठ. बोट आप्पांकडंच जाणार.

"सलीम, हा नमुना खराब होता असं लिहा."

"खराब नव्हता, मॅडम."

"माझे वडील आहेत ते. मी त्यांना इथं आणते, चांगल्यातल्या चांगल्या डॉक्टरला दाखवते. शिबिरानं यापेक्षा जास्त काय होणार आहे?"

"तुमची तळमळ कळते मला. पण नियम गावाचा आहे. एका माणसाचा नाही."

"ठीक आहे. मग मी लिहिते," ती म्हणाली, आणि तिनं 'नमुना बाद' असं लिहून आपल्या अधिकारात सही केली. बापासाठी जीव तुटणाऱ्या लेकीला कोण काय बोलणार? सलीम त्याच्या कपाटाकडं निघून गेला.

आप्पा गावाबाहेर पडायला तयार नव्हते. "मला काय धाड भरलीया? मी हितंच बरा हाय."

"वयाप्रमाणं एकदा तपासून घेऊ, आप्पा. सगळेच घेतात." खरं कारण तिनं सांगितलं नाही. पक्कं होईपर्यंत कशाला त्यांच्या जिवाला घोर, असा तिचा विचार.

ते जरा जास्तच घाबरलेले वाटले. मग एकाएकी "चल," म्हणाले. निघताना गल्लीच्या तोंडाशी त्यांनी गाडी थांबवायला लावली, बालवाडीच्या मालनबाईंच्या दारात जाऊन काहीतरी बोलून आले. मालनबाई म्हणजे गावातल्या निम्म्या लोकांना अक्षरं शिकवलेली विधवा बाई. ऋतुजाही त्यांच्याच हाताखालची. घराची किल्ली ठेवायला गेले असतील, असं तिला वाटलं.

डॉक्टरांनी पाठीतलं पाणी काढून तपासलं, मेंदूची चित्रं घेतली. काही निघालं नाही. "पण फार लवकर आलात तर कधीकधी दिसत नाही," डॉक्टर म्हणाले. "सहा महिन्यांनी परत करू. तोवर लक्ष ठेवा. माणूस उदास होतो का, आवडीच्या गोष्टींतून मन उडतं का, ते बघा."

ऋतुजानं बघितलं, आणि तिला सगळं दिसलं. आप्पा तिच्या दोन खोल्यांच्या घरात गॅलरीत बसून राहायचे. तिनं आणलेलं पुस्तक मांडीवर असायचं, पण पान हलायचं नाही. कसं वाटलं विचारलं तर "बरं हाय," एवढंच. रविवारच्या फोनवरचा तो ताव कुठल्या कुठं गेला होता. तिनं डॉक्टरांना कळवलं. डॉक्टर म्हणाले, हे लक्षणच आहे. ती स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून रडली, मग डोळे पुसून त्यांच्यासाठी शिरा केला. एकदाच ते आपणहून बोलले.

"हिरवड्याची पेटी जाती का गं अजून?"

"जाते की."

"माझ्या चिठ्ठीचं पुस्तक घालतीस का त्यात?"

"तुम्ही इथं असताना? वाचणार कोण?"

"वाचंल कोणतरी. पण घाल. माझ्या नावानंच घाल."

म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून तिनं पुढच्या पेटीत एक चांगलं जाडजूड पुस्तक घातलं, आणि विसरून गेली.

तीन महिन्यांनी पेटी परत आली. त्या दिवशी सलीम टेबलाशी आला तो उभाच राहिला.

"हिरवडे, मॅडम. तुम्ही चिठ्ठी लावलेलं पुस्तक. आणि वास मागच्यापेक्षा खूप वाढलाय."

"शक्य नाही. आप्पा तर माझ्याकडे आहेत."

हे बोलली आणि तिला समजलं. आधी आनंद झाला. तो लपवण्यात अर्थ नाही, कारण तिनंच नंतर सलीमजवळ कबूल केला. आप्पांना काही झालेलं नाही! ती खुर्चीत मागं रेलली, छातीवरचा धोंडा उतरल्यासारखा तिनं श्वास घेतला. मग सलीमकडं बघितलं. तो हसत नव्हता.

"मग कुणाला झालंय?" तो म्हणाला.

हिरवड्यात वाढलेल्या मुलीला हे आधी सुचायला नको होतं का? तिथं कार्ड एकाच्या नावावर असतं आणि पुस्तक गल्लीभर फिरतं. नवऱ्याच्या कार्डावर बायको वाचते, सासऱ्याच्या कार्डावर सून. त्या ग्रंथपालांनी 'सरसकट'साठी भांडण मांडलं ते याच्यासाठी. पण केंद्रात बसून बसून ऋतुजाला कार्ड म्हणजेच माणूस वाटायला लागलं होतं. टेबलामागं बसणाऱ्या सगळ्यांचं हे असंच होतं.

ती तडक घरी आली. आप्पा गॅलरीत होते.

"आप्पा, तुमची पुस्तकं कोण वाचतं?"

त्यांनी मान खाली घातली.

"मला दिसत न्हाई गं," ते म्हणाले. "चार वर्सं झाली. कडंचं दिसतंय, चालाय-फिराय येतंय. पर समोर बघितलं की मधी नुसता काळा डाग. तुझं तोंडबी दिसत न्हाई मला नीट."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर त्याच दिशी गाडीत घातलं असतंस मला. ह्या गॅलरीत आणून बसवलं असतंस. मालनबाई वाचती. रोज दुपारचं, तिच्या सोप्यात. बाईचा आवाज म्हंजे, गल्लीच्या त्या टोकाला ऐकू जातोय. बोटाला थुंकी लावून पान उलटती, मी म्हणतोय, पुस्तक सरकारी हाय, ओलं करू नको. साऱ्या गावाला ठावं हाय, ऋतू. एक तुला सोडून."

"मग फोनवर ते जे सांगायचात..."

"निम्मं माझं, निम्मं तिचं. भांडायचो आम्ही त्यावर." त्यांच्या ओठांवर हसू आलं आणि गेलं. "का इचारतीस?"

मग तिनं सगळं सांगितलं. नाक काय करतं ते, खूण, आजोबा, शिबिर, 'नमुना बाद'. आप्पा ऐकत होते. ती आपल्यासाठी घाबरली होती हे कळल्यावर त्यांनी चाचपडत तिचा हात धरला. पुढचं कळल्यावर तो सोडला.

"म्हंजे बाईला हाय?"

"हो."

"औषध हाय न्हवं पर?"

"थरथर सुरू व्हायच्या आधी दिलं तर."

आप्पा उठून उभे राहिले. "मागल्या आठवड्यात फोन केलता तिनं. म्हणाली, ताट पडलं हातातनं, आमटी सांडली. मी हसलो गं तिला. म्हटलं, म्हातारी झालीस."

दुसऱ्या दिवशी दोघं हिरवड्याला गेली. मालनबाई घराच्या पुढच्या सोप्यातच होत्या. आप्पांना बघून त्यांचा चेहरा असा उजळला, की ऋतुजाला खाली बघावं लागलं. आपल्या बापाला बघून कुणाचा चेहरा असा उजळतो, हे तिला माहीतच नव्हतं.

"आलासा व्हय अण्णा!" आप्पांना त्या अण्णा म्हणत. "मला वाटलं, शेहर मानवलं तुमास्नी. पुस्तक आलतं, दोनच प्रकरणं वाचली, तुमच्याबिगर फुडं नेलं न्हाई." डाव्या हातानं त्यांनी पाट सरकवला. उजवा हात पदराखाली होता.

"काकू, तो हात बघू?" ऋतुजा म्हणाली.

"काय न्हाई गं. दिवाळी पाडव्यापासनं जरा हलतोय. गारठ्यानं असंल." त्यांनी हात बाहेर काढला. अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत होती. दिसत न दिसत, पण थांबत नव्हती.

ऋतुजानं सांगितलं. आप्पांनी सांगतो म्हटलं होतं, पण ते तिनंच सांगितलं, काही न वगळता. सहा महिन्यांपूर्वी शिबिर यायचं होतं आणि ते आपण येऊ दिलं नाही, हेही.

मालनबाईंनी हात परत पदराखाली घेतला.

"बापासाठी धावलीस," त्या म्हणाल्या. "चांगलंच केलंस. लेकीनं धावावं. पर पोरी, गावासाठी धावायचं काम दिलतं न्हवं तुला? त्यात मीबी हुते की."

ऋतुजा रडायला लागली. मालनबाईंनी तिला गप्प केलं नाही. बालवाडीत पोर रडलं की त्या लगेच जवळ घ्यायच्या. आज घेतलं नाही.

जरा वेळानं त्यांनी विचारलं, "आवाज जातो का गं ह्यात?"

"जात नाही. पण बारीक होत जातो. हळूहळू."

"हात गेला तर जाऊ दे. पोरांस्नी काय मी हातानं वळण लावलं न्हाई, आवाजानं लावलं." एवढंच बोलून त्या आत गेल्या आणि चहा ठेवल्याचा आवाज आला. मग कप फुटल्याचा. आप्पा उठले, भिंतीला हात लावत आत गेले. ऋतुजाला आपण उठावं की नाही हे कळेना. ती तिथंच बसून राहिली.

शिबिर लागलं. कर्णे लागले, गाडी फिरली, सगळ्या गावानं रांगेत उभं राहून बोटं पुढं केली. ज्या बोभाट्याला ऋतुजा भ्याली होती तो झालाच नाही. उलट बालवाडीच्या बाईंचं कळल्यावर गल्लीतल्या बायका आळीपाळीनं त्यांचं पाणी भरायला लागल्या. शिबिराला आलेल्या शेजारच्या वाडीतल्या एका गवंड्यालाही तोच वास निघाला, कोवळ्या वयात. त्याचं औषध वेळेत सुरू झालं. ऋतुजानं काय केलं ते वरच्या कचेरीला स्वतःच कळवलं. तिचं पद गेलं आणि तिला बांधणी विभागात बसवलं, फाटक्या पुस्तकांना कणे लावायला. शिक्षा म्हणायची तर ती एवढीच, आणि तिला ती फारच थोडी वाटली. पेट्या आता सलीम भरायचा. हिरवड्याच्या पेटीत चिठ्ठीचं पुस्तक तो न चुकता घालायचा. चिठ्ठीवर आता मालनबाईंचं नाव असायचं.

आप्पा शहरात परत आले नाहीत. ऋतुजा सुटीच्या दिवशी जायची. तिच्याशी ते बोलायचे, जेवायला वाढायचे, पण रविवारचा फोन बंद झाला तो झालाच. "रागावलात का?" असं तिनं एकदा विचारलंच. "तुझ्यावर कसला राग," ते म्हणाले. "तू माझ्यासाठी केलंस, हे समजतंय मला. तेच तर सोसत न्हाई."

वर्ष उलटलं. असंच एका दुपारी ती गेली तेव्हा दोघं सोप्यात बसली होती. मालनबाईंच्या मांडीवर उशी, उशीवर पुस्तक. पान उलटायला त्यांना फार वेळ लागत होता. पान एकदा सुटलं, दोनदा सुटलं, मग त्यांनी ते तळहातानं ढकललं. आप्पा त्यांच्या अगदी जवळ सरकून, मान कलती करून बसले होते. ऋतुजा पायरीवर टेकली. मालनबाईंचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता. तिनं कान दिला, पुढं वाकली. ओठांतून वाऱ्यासारखं काहीतरी येत होतं, शब्द एकही नाही.

"काकू, मी वाचू का?" तिनं हळूच विचारलं. "तुम्ही दोघं ऐका."

मालनबाईंनी आप्पांकडं बघितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नको," आप्पा लेकीला म्हणाले. "तिला वाचू दे."

मालनबाईंनी चष्मा वर केला आणि सगळा जोर लावून विचारलं. तेवढं मात्र ऋतुजाला ऐकू आलं.

"अण्णा, खरं सांगा. ऐकू येतंय न्हवं?"

"येतंय की," आप्पा म्हणाले. "वाच तू. फुडं काय झालं?"